वळणाऱ्या चेंडूचे तंत्र आणि त्याची फेरजुळणी : हेदवी परिसरातील टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या संदर्भात

सारांश

कोकणातील ग्रामीण विद्यार्थी टेनिस चेंडूवर क्रिकेट शिकतो आणि महाविद्यालयात आल्यावर त्याची पारखणी चामड्याच्या चेंडूवर, म्हणजेच बोलीभाषेतील सीझन बॉलवर, होते. गावच्या मैदानावर हमखास वळणारा त्याचा चेंडू येथे सरळ जाऊ लागतो. त्याचे कौशल्य खोटे होते असा निष्कर्ष अनेकदा घाईने काढला जातो. प्रस्तुत लेखात चेंडू वळण्याची चार वेगवेगळी कारणे स्पष्ट केली आहेत. टेनपिन बोलिंग या खेळात वळणाऱ्या चेंडूची फेरजुळणी ज्या पद्धतीने केली जाते तिचा आधार घेऊन निदान आणि सुधारणेचा एक क्रमही सुचविला आहे. वळणाचे कारण निश्चित केल्यावाचून गोलंदाजाच्या हातात बदल करू नये, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : टेनिस चेंडू, सीझन चेंडू, मॅग्नस परिणाम, सीमास्तर, शिवण, टेनपिन बोलिंग, फेरजुळणी.

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. एका बाजूला समुद्र व पुळण, दुसऱ्या बाजूला जांभ्याचा सडा आणि मधल्या सखल भागात भातखाचरे अशी या किनारपट्टीची सर्वसाधारण रचना आहे. पावसाळ्यात या भूमीवर क्रिकेट खेळण्यास फारसा वाव नसतो. भातकापणी व मळणी उरकली की खाचरांतून, सड्यावरून आणि ओहोटीच्या वेळी पुळणीवरून खेळ सुरू होतो. शिमग्याला व मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीवाडीतील सामन्यांना रंग चढतो. हा सारा खेळ टेनिस चेंडूचा असतो. तो स्वस्त असतो, त्यासाठी पॅड-ग्लोव्ह्ज लागत नाहीत आणि खडबडीत जमिनीवर तो जिवावर बेतत नाही.

या खेळाला कनिष्ठ मानण्याचे कारण उरलेले नाही. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ही टेनिस चेंडूची व्यावसायिक टी-१० स्पर्धा सुरू झाली. तथापि मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत, जिल्हा निवड चाचण्यांत आणि त्यापुढील प्रत्येक पायरीवर चेंडू चामड्याचा असतो. ग्रामीण विद्यार्थ्याला हा चेंडू बहुधा निवड चाचणीच्या सुमारास प्रथम हाती मिळतो. पाच-सहा चेंडूंत त्याचा निकाल लागतो आणि वर्षानुवर्षे कमावलेली कला दाराबाहेर राहते. म्हणूनच हा प्रश्न केवळ क्रीडातंत्राचा नसून संधीचाही आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना पदार्थविज्ञानाची मदत घ्यावी लागते.

२. चेंडू का वळतो?

चेंडू सरळ रेषा सोडतो याचा अर्थ त्याच्यावर बाजूने एखादे बल कार्य करीत आहे. हे बल कोठून येते यावरून वळणाचे चार प्रकार पडतात. पाहणाऱ्याला चारही वळणे सारखीच दिसतात. मात्र त्यांची कारणे, आणि म्हणूनच त्यांच्यावरचे उपाय, भिन्न आहेत.

२.१ फिरत

फिरणारा चेंडू हवेत वक्र मार्गाने जातो हे निरीक्षण जुने आहे. तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, असा उल्लेख न्यूटनच्या १६७२ च्या पत्रात आढळतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख मॅग्नस यांनी १८५२ च्या सुमारास प्रयोगांनी या परिणामाची चिकित्सा केली. त्यामुळे त्याला त्यांचे नाव मिळाले. लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्ये टेनिस चेंडूच्या अनियमित मार्गावरच निबंध लिहिला.

याची उपपत्ती थोडक्यात अशी सांगता येईल. फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतची हवा सोबत ओढतो आणि चेंडूमागून सुटणारा हवेचा प्रवाह एका बाजूस कलंडतो. चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो, तेव्हा हवा चेंडूला विरुद्ध बाजूला ढकलते. विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याचा नियम सोपा आहे. चेंडूची पुढची बाजू ज्या दिशेला फिरते त्या दिशेला चेंडू वळतो. पुढची बाजू खाली जात असेल तर चेंडू लवकर खाली येतो, डावीकडे जात असेल तर डावीकडे सरकतो. आडवे वळण मिळण्यासाठी फिरतीचा अक्ष भोवऱ्यासारखा उभा असावा लागतो. टेनिस चेंडूचा गोलंदाज चेंडू सोडताना बोटे त्याच्या कडेवरून खाली कापत नेतो, तेव्हा नकळत हीच फिरत निर्माण करतो.

येथे चेंडूच्या वजनाचा प्रश्न निर्णायक ठरतो. टेनिसच्या नियमांनुसार टेनिस चेंडूचे वस्तुमान ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. पुरुषांच्या क्रिकेटमधील चामड्याचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे पावणेतीनपट जड असतो. दोहोंच्या आकारात मात्र फारसा फरक नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने, सेकंदाला सुमारे १५ फेऱ्यांची आडवी फिरत देऊन टाकलेला हलका टेनिस चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेतो स्थूल गणिताने ६० सेंटिमीटरच्या आसपास वळतो. तेवढ्याच वेगाच्या व तेवढ्याच फिरतीच्या सीझन चेंडूचे वळण २५ ते ३० सेंटिमीटरवर येते. हात तोच, मेहनत तीच, पण फळ निम्म्याहून कमी! स्थानिक सामन्यांसाठी बाजारात मिळणारे जड टेनिस चेंडू या दोन टोकांच्या मध्ये येतात.

२.२ वारा

किनाऱ्यावरील गोलंदाजीत सर्वाधिक फसवणूक वारा करतो. सकाळ टळल्यावर जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. दुपारी त्यांचा जोर वाढतो. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात; ते तुलनेने मंद असतात. सूर्य खेळाडूंच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून खेळपट्टी सामान्यतः उत्तर-दक्षिण आखतात. परिणामी कोकणच्या पश्चिम किनाऱ्यावर खारा वारा खेळपट्टीला जवळजवळ काटकोनात कापतो.

सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, हा वारा झाडाच्या बारीक फांद्या हलविण्याइतकाच असतो. एवढा वारा बाजूने असल्यास ताशी ८० किलोमीटर वेगाचा, मुळीच न फिरणारा टेनिस चेंडू अर्ध्या मीटरहून अधिक बाजूला सरकू शकतो. सीझन चेंडूच्या बाबतीत हे सरकणे पाव मीटरच्या आसपास राहते. याचा अर्थ असा की, गोलंदाज ज्या वळणाचे श्रेय आपल्या मनगटाला देतो त्याचा मोठा वाटा वाऱ्याचा असू शकतो. बंदिस्त मैदानावर किंवा जाळीतील सरावात तो वाटा नाहीसा होतो आणि गोलंदाज गोंधळतो.

किनाऱ्यावरील दमट हवेमुळे चेंडू अधिक वळतो हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. त्यामुळे तिचे बल वाढण्याचे कारण नाही. दमटपणाने चामड्याच्या चेंडूचा आकार किंवा शिवण बदलते का, याची इंग्लंडमध्ये झालेली व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणीही या समजाला दुजोरा देत नाही.

२.३ शिवण

सीझन चेंडूचा स्विंग हा प्रामुख्याने फिरतीचा परिणाम नाही. चेंडूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलेली सीमास्तराची संकल्पना ती हीच. शिवण तिरकी असली की तिच्या बाजूचा थर विस्कटून संक्षुब्ध होतो. असा थर चेंडूला अधिक काळ बिलगून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा शांत थर लवकर सुटतो. दोन्ही बाजूंच्या या तफावतीमुळे चेंडू शिवणीच्या दिशेने ढकलला जातो. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम केलेले रवींद्र मेहता यांनी क्रीडाचेंडूंच्या वायुगतिकीवर विस्तृत लेखन केले आहे. वातबोगद्यातील मापनांनुसार शिवण सुमारे २० अंश तिरकी आणि वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर असताना हा परिणाम विशेष जाणवतो. अनुकूल स्थितीत बाजूचे बल चेंडूच्या वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

या वळणाला एक कडक अट आहे. संपूर्ण प्रवासात शिवण डळमळता कामा नये. त्यासाठी चेंडूला शिवणीच्याच पातळीत मागच्या बाजूने उलटी फिरत द्यावी लागते, म्हणजे भोवऱ्याप्रमाणे चेंडूचा अक्ष स्थिर राहतो. ही फिरत वळण निर्माण करीत नाही, ती केवळ शिवणीची राखण करते. येथे टेनिस व सीझन चेंडूंतील मूलभूत विरोध दिसून येतो. पहिल्यात बोटे चेंडूच्या कडेवरून जावी लागतात, दुसऱ्यात ती चेंडूच्या पाठीमागे राहावी लागतात. टेनिस चेंडूचे वळण देणारी मनगटाची सवयच सीझन चेंडूची शिवण विस्कटून टाकते.

शिवणीचे वळण प्रचंड वेगाची अपेक्षा धरीत नाही याचे प्रसिद्ध उदाहरण २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर पाहावयास मिळाले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून खेळणाऱ्या बलविंदरसिंग संधू यांचा मध्यमगती चेंडू बाहेर जाईल असे समजून गॉर्डन ग्रिनिज यांनी बॅट उचलून सोडला. तो आत आला आणि त्यांचा त्रिफळा उडाला.

२.४ पृष्ठभाग

चौथे वळण हवेत नव्हे तर जमिनीवर मिळते. टप्पा पडताच फिरता चेंडू जमिनीला घासतो आणि घर्षण त्याला बाजूला नेते. अक्ष पूर्णपणे उभा असलेला चेंडू हवेत वळतो, पण टप्प्यावर फारसा वळत नाही. याउलट, अक्ष मार्गाच्याच दिशेत असलेला चेंडू हवेत सरळ जातो आणि टप्प्यावर वळतो. जांभ्याचा खरखरीत सडा, खाचरातील सुकलेली माती, मॅटिंग आणि ओलसर पुळण यांचे घर्षण वेगवेगळे असल्याने एकच कटर चार ठिकाणी चार प्रकारे वागतो. रात्रीच्या प्रकाशझोतातील सामन्यांत दव पडले की हे घर्षण आणखी बदलते.

३. टेनपिन बोलिंगपासून घेण्याजोगा बोध

पृष्ठभागाच्या घर्षणाने मिळणारे वळण सर्वांत शुद्ध स्वरूपात टेनपिन बोलिंगमध्ये दिसते. मुंबई-पुण्यातील करमणूक केंद्रांतून हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही. त्याचा येथे विचार करण्याचे कारण असे की, वळण बिघडले असता काय बदलावे आणि काय बदलू नये याची शिस्त या खेळाने नेमकेपणाने घडविली आहे.

फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत लेनची लांबी ६० फूट आणि रुंदी सुमारे साडेतीन फूट असते. चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे ७.२६ किलोग्रॅम असते. दहा पिन त्रिकोणात मांडलेल्या असतात. उजव्या हाताच्या खेळाडूला सर्व पिन एका फटक्यात पाडायच्या असतील तर चेंडू पहिल्या व तिसऱ्या पिनच्या मधल्या फटीत ४ ते ६ अंशांच्या कोनात शिरणे हिताचे असते. लेन अरुंद असल्याने सरळ टाकलेल्या चेंडूला हा कोन जेमतेम दीड-दोन अंश मिळतो. म्हणून चेंडू वळवावा लागतो.

लेनच्या पहिल्या सुमारे ४० फुटांवर तेलाचा थर दिलेला असतो. त्यावर घर्षण कमी असल्याने चेंडू बाजूला फिरत असूनही जवळजवळ सरळ घसरत जातो. पुढच्या कोरड्या भागात घर्षण वाढते, चेंडू वळण घेतो आणि शेवटी घसरणे थांबून नुसता गडगडू लागतो. घसरत फिरणारा गोल समान घर्षणाच्या पृष्ठभागावर परवलयाकार मार्ग घेतो आणि गडगडू लागताच सरळ जातो, हे फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनी १८३५ च्या बिलियर्ड्सवरील ग्रंथात सिद्ध केले होते. बोलिंगचा चेंडू याच नियमाने चालतो.

खेळ जसजसा पुढे जातो तसतसे चेंडूंच्या वाटेवरचे तेल कमी होते. काल किंवा तासाभरापूर्वी बरोबर जाणारा चेंडू आता लवकर व जास्त वळतो. हौशी खेळाडू अशा वेळी मनगटाशी झगडू लागतो. केंद्रातील सामायिक चेंडू बहुधा पॉलिस्टरचे असल्याने ते मुळातच कमी वळतात. तेथे जास्त वळण मिळविण्यासाठी तो हात पिळतो, अंगठ्यावर व मनगटावर ताण घेतो आणि अचूकपणाही गमावतो. जाणता खेळाडू हात तसाच ठेवतो व पाय हलवितो. चेंडू ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला उभे राहण्याची जागा थोडी सरकवायची आणि नेम धरण्याची खूण तीच ठेवायची, हा त्याचा पहिला नियम आहे. तेवढ्याने भागले नाही तर तो नेमाची खूण बदलतो, त्यानंतर वेग आणि शक्य असल्यास चेंडू. हाताच्या वळणात बदल हा त्याच्या यादीत शेवटी येतो. कारण जागा व नेम मोजून बदलता येतात आणि मोजून परत आणता येतात, पण मनगटाची सवय एकदा मोडली की ती जशीच्या तशी परत येईल याची खात्री नसते.

४. निदान : वळण कोणाचे?

या शिस्तीनुसार फेरजुळणीपूर्वी वळणाचे कारण ओळखणे आवश्यक ठरते. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही.

पहिली चाचणी दोन टोकांची होय. एकाच गोलंदाजाने दोन्ही टोकांकडून प्रत्येकी सहा चेंडू टाकावेत. वळण फिरतीचे किंवा शिवणीचे असेल तर ते दोन्ही टोकांकडून गोलंदाजाच्या दृष्टीने एकाच बाजूला जाईल. वाऱ्याचे असेल तर टोक बदलताच बाजूही बदलेल. पश्चिमेच्या वाऱ्यात उत्तर टोकाकडून टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या डावीकडे, तर दक्षिण टोकाकडून टाकलेला उजवीकडे सरकतो. दोहोंची सरासरी घेतल्यास गोलंदाजाचा स्वतःचा वाटा किती हे उघड होते.

दुसरी चाचणी खुणेची आहे. टेनिस चेंडूच्या मध्यातून रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा आणि मोबाईलच्या संथगती चित्रणात तो पाहावा. वेढा स्थिर रेषेसारखा दिसत असेल तर बोटे चेंडूच्या मागे आहेत. तो लटपटत किंवा पुसट होत असेल तर बोटे कडेवरून कापत आहेत. दोन्ही रीती आपापल्या चेंडूसाठी बरोबर आहेत. चूक असते ती एका चेंडूची रीत दुसऱ्याला लावण्यात.

तिसरी चाचणी वेगाची आहे. फिरत व वारा यांनी मिळणारे वळण स्थूलमानाने वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर वळण जवळपास तितकेच वाढते. शिवणीच्या वळणाचे तसे नाही. बाजूचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि प्रवासाचा काळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने, सीमास्तराची स्थिती बदलत नाही तोवर, एकूण वळण वेगावर फारसे अवलंबून राहत नाही. म्हणून चेंडू हळू टाकून वळण वाढविण्याची टेनिस चेंडूवरील युक्ती सीझन चेंडूवर निष्फळ ठरते. तेथे गोलंदाज वेगही घालवितो आणि वळणही मिळवीत नाही.

५. फेरजुळणीचा क्रम

कारण निश्चित झाल्यावर बदल बाहेरून आत, म्हणजे सुलभतेकडून कठीणतेकडे, करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि किमान दोन षटके तिला द्यावीत.

(अ) जागा व नेम : चेंडू सातत्याने एकाच बाजूला चुकत असेल तर ती तक्रार मानू नये, कारण सातत्य हेच कौशल्याचे लक्षण आहे. वळण आहे तेवढे राहू द्यावे आणि सुरुवातीची दिशा विरुद्ध बाजूला चुकीइतकी सरकवावी. यष्टीजवळून टाकणे आणि क्रीजच्या टोकावरून टाकणे यांतील फरक आधी वापरून पाहावा. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यासाठी हाच उपाय योग्य आहे.

(आ) टप्पा : बाजूचे बल स्थिर असताना वळण काळाच्या वर्गानुसार वाढते. निम्म्या काळात एकूण वळणाचा केवळ चौथा भाग दिसतो, उरलेले तीन भाग उत्तरार्धात येतात. उशिरा वळणारा चेंडू म्हणून ज्याची प्रशंसा होते तो पुष्कळदा हाच गणिती परिणाम असतो. यावरून टप्पा पुढे नेल्यास हवेतील वळण वाढते आणि आखूड केल्यास ते घटते हे स्पष्ट होते. हात न बदलता वळण कमी-जास्त करण्याचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

(इ) वेग व धाव : फिरतीवर अवलंबून असलेल्या गोलंदाजाने वेगात लहान बदल करून पाहावेत. धाव लांब असेल तर ती कमी केल्याने नियंत्रण वाढू शकते. श्रीरामपूरहून आलेले आणि कसोटीत ३११ बळी घेणारे झहीर खान यांनी २००६ मध्ये इंग्लंडमधील वूस्टरशायरकडून खेळल्यानंतर आखूड धावेने गोलंदाजी केली आणि त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध अधिक यशस्वी ठरला.

(ई) पकड व मनगट : वरील तीन पायऱ्यांनी प्रश्न सुटत नसेल, किंवा चेंडूच बदलला असेल, तरच हाताला स्पर्श करावा. सीझन चेंडूसाठी तर्जनी व मधले बोट शिवणीच्या दोन्ही कडांना, अंगठा खाली शिवणीवर आणि मनगट चेंडूच्या पाठीशी असावे. चेंडू शेवटी या दोन बोटांच्या टोकांवरून सुटावा. उजव्या हाताच्या फलंदाजाला बाहेर जाणारा चेंडू टाकताना शिवण पहिल्या स्लिपकडे, आत येणारा टाकताना फाइन लेगकडे कललेली असावी. हा कल मनगट पिळून आणायचा नसतो, चेंडू हातात धरतानाच द्यायचा असतो.

६. टेनिस चेंडूकडून सीझन चेंडूकडे

हे संक्रमण केवळ मनगटापुरते मर्यादित नाही. हलका चेंडू झटका देऊन टाकता येतो. कोपर किंचित वाकवून दिलेला हा झटका गावच्या सामन्यांत पुष्कळदा खपून जातो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या २००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून अधिक सरळ होता कामा नये. त्याखेरीज जवळपास तिप्पट वजनाचा चेंडू त्याच झटक्याने टाकल्यास खांदा व कोपर दुखावण्याचा धोका असतो. झटका हा फिरतीचा स्रोत असेल तर तो काढून घेताच वळणही जाते आणि विद्यार्थी खचतो. म्हणून झटका घालविणे व शिवण शिकविणे ही कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागतात.

टी. नटराजन यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. तामिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी या गावात ते टेनिस चेंडूवर खेळत मोठे झाले. २०१५ च्या जानेवारीत रणजी पदार्पण केल्यावर त्यांच्या शैलीवर आक्षेप घेतला गेला. त्यांना खेळ थांबवून गोलंदाजीची क्रिया सुधारावी लागली. २०१६ च्या तामिळनाडू प्रीमियर लीगमधून ते परतले. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांनी भारताकडून एकदिवसीय व टी-२० सामन्यांत आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे कसोटीत पदार्पण केले. लक्षणीय गोष्ट अशी की, टेनिस चेंडूवर घटविलेला त्यांचा यॉर्कर या सर्व बदलांत टिकून राहिला. त्यांच्या क्रियेतील दोष काढला गेला, कौशल्य काढले गेले नाही. मात्र यासाठी वर्षाहून अधिक काळ आणि जाणकारांचा आधार लागला. निवड चाचणीच्या पाच-सहा चेंडूंत हे घडणे शक्य नाही.

महाविद्यालयीन पातळीवर यातून काही साध्या गोष्टी करता येतील. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना चाचणीच्या किमान सहा आठवडे आधी सीझन चेंडू हाती द्यावा. मधल्या काळात पट्टीचा वेढा दिलेला टेनिस चेंडू दुवा म्हणून वापरावा. त्यावर रेषा स्थिर ठेवता आली की सीझन चेंडूकडे वळावे. आठवड्यातील षटकांची संख्या हळूहळू वाढवावी. चाचणी दोन्ही टोकांकडून घ्यावी, म्हणजे वाऱ्यामुळे एखाद्याचे भले किंवा बुरे होणार नाही. पदार्थविज्ञान विभागाच्या साहाय्याने संथगती चित्रणातून वळण मोजण्याचा प्रकल्प पदवी वर्गाला देता येईल. त्यातून मैदान आणि प्रयोगशाळा यांच्यातील भिंतही थोडी पातळ होईल.

७. निष्कर्ष

चेंडू फिरत, वारा, शिवण आणि पृष्ठभाग या चार कारणांनी वळतो. टेनिस चेंडूच्या खेळात पहिल्या दोहोंचा आणि टप्प्यानंतर चौथ्याचा वाटा मोठा असतो. सीझन चेंडूच्या स्विंगमध्ये तिसऱ्याचा. त्यामुळे एका खेळातील तंत्र दुसऱ्यात जसेच्या तसे चालत नाही, यात गोलंदाजाचा दोष नसून चेंडूंच्या स्वभावांतील फरक आहे. टेनपिन बोलिंगचा खेळाडू ज्याप्रमाणे तेल सरकल्यावर आधी पाय व नेम बदलतो आणि हाताला शेवटी स्पर्श करतो, त्याच क्रमाने क्रिकेटमधील वळणाची फेरजुळणी करणे हितावह आहे.

हेदवीसारख्या गावातील विद्यार्थी वाऱ्याचा अंदाज, टप्प्यावरील नियंत्रण आणि अल्प षटकांतील दडपण सोसण्याची सवय घेऊन महाविद्यालयात येतो. ही शिदोरी थोडकी नव्हे. तिच्यात शिवणीचे ज्ञान आणि पुरेसा अवधी यांची भर घातल्यास निवड चाचणीत सरळ जाणारा त्याचा चेंडू पुन्हा वळू लागेल. तो अवधी देणे हे शिक्षकाच्या हाती आहे.